मीना हबर्ड, १९०५: लॅब्राडोर पार कोणी केलं, बाईंनी की वल्ही मारणाऱ्यांनी?

सुरंगी

मंडळी, सध्या माझ्यावर मीना हबर्ड या बाईंचं गारूड आहे. (नावावरून आपल्याकडची समजू नका. कॅनडात ऑन्टारिओतल्या बेवडली गावात १८७० साली जन्मलेली, पुढे न्यूयॉर्कला नर्स झालेली बाई.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी.

तिचा नवरा लिओनिडस हबर्ड हा मासिकात लिहिणारा पत्रकार. टायफॉइड झाला तेव्हा हिने त्याची शुश्रूषा केली, तिथूनच जमलं. १९०३ च्या जुलैत तो, त्याचा वकील मित्र डिलन वॉलेस आणि जेम्स बेकडचा वाटाड्या जॉर्ज एल्सन (वडील स्कॉटिश, आई क्री या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची) असे तिघे एका कनूतून (वल्ह्यांची हलकी, निमुळती नाव) लॅब्राडोरच्या, म्हणजे कॅनडाच्या ईशान्य टोकाच्या, आत शिरले. बेत असा की नास्कॉपी नदीने मिशिकामाऊ सरोवर गाठायचं आणि तिथून जॉर्ज नदीने उत्तरेला उंगावा उपसागरात उतरायचं. पण ग्रँड लेकवरून जाताना नास्कॉपीचं मुख त्यांच्या नजरेतून सुटलं आणि ते सुसान नावाच्या उथळ, दगडगोट्यांच्या नदीत घुसले. पाण्यात उभं राहून कनू ओढण्यात उन्हाळा गेला. मिशिकामाऊ एका टेकडीवरून दुरून दिसलं तेवढंच. परतीच्या वाटेवर अन्न संपलं. ऑक्टोबरात हबर्डला पुढे चालवेना, त्याला तंबूत ठेवून बाकीचे दोघे वाटेत टाकून दिलेलं पीठ आणायला गेले. हबर्ड तंबूतच गेला. एल्सन एकटा चालत माणसांत पोचला आणि त्याने धाडलेल्या लोकांमुळे वॉलेस वाचला.

वॉलेसने यावर पुस्तक लिहिलं, ते १९०५ साली आलं आणि भरपूर खपलं. मीनाबाईंना वाटलं की यात आपल्या नवऱ्याला दुबळा दाखवलाय. वॉलेसने तोच प्रवास पुन्हा करायचं जाहीर केलं, तर बाईंनी गुपचूप स्वतःची तुकडी उभी केली. प्रमुख कोण? तोच जॉर्ज एल्सन! शिवाय जोसेफ इसरहॉफ, जोब चेपीस आणि गिल्बर्ट ब्लेक. २७ जून १९०५ रोजी दोन्ही तुकड्या एकाच ठाण्यावरून, नॉर्थ वेस्ट रिव्हरवरून निघाल्या. बाई २७ ऑगस्टला जॉर्ज नदीच्या मुखाशी हडसन बे कंपनीच्या ठाण्यावर पोचल्या. ५७६ मैल, दोन महिने, सगळी माणसं धडधाकट. वॉलेस पोचला १६ ऑक्टोबरला.

माझं मत: या तिघांत खरी म्होरकी मीनाबाईच. कारण कोणाचं ऐकायचं हे तिला कळलं. पण जिथे तिथे एक शेरा दिसतो, की बाई कनूत बसून राहिल्या, राबले ते चार पुरुष. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस_तात्या

म्हणजे वाटाड्या ठेवायचा, त्याने वल्ही मारायची, त्याने स्वयंपाक करायचा आणि नकाशावर नाव आपलं. याला आमच्या हापिसात मॅनेजमेंट म्हणतात.

शेपूची_भाजी

तात्या =))

वाचतेय. सामानसुमान काय नेलं होतं बाईंनी? मला अशा प्रवासवर्णनांत याद्याच जास्त आवडतात.

सुरंगी

@शेपूची_भाजी, यादी सुरेख आहे. एकूण शिधा ७५० पौंड, त्यातलं ३९२ पौंड नुसतं पीठ. बाकी बेकन, साखर, चहा, तांदूळ, चॉकलेट वगैरे. बाईंचं स्वतःचं: रिव्हॉल्वर, शिकारी सुरा, दोन कोडॅक कॅमेरे, सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजून अक्षांश काढायचं यंत्र), बॅरोमीटर. निकरबॉकरवर (गुडघ्यापर्यंतची विजार) आखूड स्कर्ट, कमरेच्या पट्ट्याला काडतुसांची पिशवी. हवा भरायची लहान मुलांच्या मापाची गादी, पिसांची छोटी उशी, गरम पाण्याची पिशवी. आणि एक ब्लाउज, खास रविवारी घालायला!

नलूआत्या

रविवारचा ब्लाउज वाचून बाईवर जीवच जडला. निर्जन रानात कोण बघणार होतं? पण रविवार तो रविवार.

गरम पाण्याची पिशवी मीही कुठेही जाताना नेते. मुलं हसतात. आता त्यांना हा धागा दाखवते.

अभियंता७२

३९२ पौंड म्हणजे साधारण १७८ किलो. पाच माणसं, साठ दिवस, म्हणजे माणशी रोज सहाशे ग्रॅमच्या आसपास नुसतं पीठ. वल्ही मारणाऱ्याला आणि ओझं वाहणाऱ्याला दिवसाला चार-पाच हजार कॅलरी लागतात, त्यातल्या दोन हजारांच्या वर पिठातूनच सुटतात. वर बेकन, मासे, शिकार. हे गणित कोणीतरी डोकं लावून केलेलं आहे.

१९०३ च्या तुकडीचं गणित उलटं होतं. शिकार आणि मासे मिळतीलच या भरवशावर शिधा बेताचा घेतला. रायफली होत्या, पक्षी मारायला शॉटगन नव्हती. मासे पकडायचं जाळं मिळालं तेही जुनं. जुलैच्या मध्याला निघाले, म्हणजे बाईंपेक्षा अडीच आठवडे उशिरा. त्या अक्षांशावर उन्हाळाच मुळात दोन-अडीच महिन्यांचा, त्यातले अडीच आठवडे निघण्याआधीच संपलेले. हबर्डला दुबळेपणाने नाही, वेळापत्रकाने मारलं.

तिरकस_तात्या

पण मग हे पिठाचं गणित बाईंनी केलं की एल्सनने? माझा मुद्दा तोच आहे. १९०३ ला उपाशी चालत बाहेर पडलेला माणूस १९०५ ला पीठ मोजायला कमी पडणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर हजार पौंड घेतलं असतं.

कढीपत्ता

तात्या, हजार पौंड घेतलं असतं तर धबधब्याच्या बाजूने डोंगर चढताना ते पाठीवरूनही तुम्हीच नेलं असतं ना? कनूच्या प्रवासात अर्धी गंमत ही आहे की जिथे नदी चालू देत नाही तिथे नाव डोक्यावर आणि सामान पाठीवर. पाच खेपा लागल्या तर एका मैलाचे जाताना-येताना धरून नऊ मैल होतात.

बर्फाळ_बंड्या

मी न्यूफाउंडलंडमध्ये राहतो. कामानिमित्त लॅब्राडोरात गूझ बेला जाणं होतं, म्हणून दोन शब्द.

पहिली गोष्ट, माश्या. इथे ब्लॅक फ्लाय म्हणतात, आपल्या चिलटाएवढी काळी माशी. डास टोचतो, ही कातडीचा बारीक लचका तोडते आणि ते कळतही नाही. कानामागे, मनगटाशी, केसांच्या मुळाशी जाऊन बसते आणि थोड्या वेळाने हात फिरवला की बोटांना रक्त. जून-जुलैत पाण्याजवळ वारा पडला की बाहेर उभं राहवत नाही. मीनाबाई चेहऱ्यावर जाळी घालून, त्यातूनही चावून घेत, सेक्स्टंटने सूर्य मोजत होत्या. ज्यांना 'नुसतं बसून राहिल्या' वाटतं त्यांनी जुलैत इकडे यावं आणि दहा मिनिटं नुसतं बसून दाखवावं. चहापाणी माझ्याकडे.

दुसरी गोष्ट, गिल्बर्ट ब्लेक. सुरंगी यांनी नाव नुसतं ओघात घेतलं, पण तो महत्त्वाचा. तो तिथलाच, सापळे लावून शिकार करणाऱ्या घरातला तरुण पोरगा. १९०३ साली वॉलेसला बर्फातून शोधून काढणाऱ्या लोकांत तो होता. सील लेकपर्यंतचा भाग तिथल्या शिकारी लोकांच्या पायाखालचा, म्हणजे नास्कॉपीचं मुख कुठे आहे हे त्याला विचारायचीही गरज नव्हती. हबर्डला ग्रँड लेकच्या टोकाला नदी आहे एवढंच ऐकीव सांगितलेलं होतं, आणि तो टोकापर्यंत गेला. खरं मुख त्याच्या अलीकडेच राहिलं.

सुरंगी

@बर्फाळ_बंड्या, अगदी हेच म्हणायचंय मला! हबर्डकडे एल्सन होता, पण एल्सन जेम्स बेकडचा, लॅब्राडोर त्यालाही नवीनच. बाईंनी एल्सन घेतला आणि त्याच्या जोडीला तिथला माणूसही घेतला.

तिरकस_तात्या

वॉलेसनेही १९०५ ला तिथला माणूस घेतला होता की. डंकन मक्लीन. तरी रखडलाच.

अभियंता७२

तात्या, माणूस घेतला, पण वाट वेगळी धरली. वॉलेसने नदी सोडून इन्नू लोकांची (लॅब्राडोरचे मूळ रहिवासी) जुनी खुष्कीची वाट पकडायची ठरवली, ती सापडता सापडता हरवत राहिली. शेवटी अर्धी तुकडी परत पाठवून तो आणि त्याचा जोडीदार ईस्टन दोघेच पुढे गेले. बाई नदीला चिकटून राहिल्या.

रानभूल

धागा आवडला. अशीच आणखी एक बाई सांगते. लिओनी दोने, फ्रेंच, १८३९. वय एकोणीस. चित्रकार ब्यारबरोबर 'ला रेशेर्श' या जहाजातून थेट नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्पिट्सबर्गेन बेटावरच्या माग्दालेनाच्या खाडीपर्यंत गेली. परतताना लॅपलँडमधून जमिनीवरून आली, घोड्यावर आणि होडीतून. पुस्तक लिहिलं ते १८५४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी.

मधल्या काळात काय झालं? तर व्हिक्टर ह्युगो. १८४५ मध्ये दोघं एकत्र पकडले गेले. ह्युगो उमराव सभेचा सदस्य, त्याला हात लावता येईना. हिला तुरुंगात टाकलं. ऐंशी अक्षांशाजवळ जाऊन सुखरूप परत आली आणि पॅरिसमध्ये अडकली.

शेपूची_भाजी

बर्फ परवडला.

नलूआत्या

उमराव सुटला आणि बाई आत. काही गोष्टींना अक्षांश-रेखांश नसतात हो.

गोदातीर

अवांतर: १९०३ म्हटल्यावर कोणालाच टिळक आठवले नाहीत? हबर्ड लॅब्राडोरात गेला त्याच साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' प्रसिद्ध झालं. उषासूक्तांतली लांबच लांब पहाट, सहा महिन्यांची रात्र, यावरून वेदकालीन पूर्वज ध्रुव प्रदेशात होते असं मांडलंय त्यात. पुण्याच्या माणसाने उत्तर ध्रुवाचा विचार करावा हेच मोठं.

तिरकस_तात्या

आणि तेही घरी बसून. ब्लॅक फ्लाय नाही, पाठीवर ओझं नाही, पीठ मोजायला नको. लॅब्राडोरच्या बाबतीत बाईंना झोडायचं आणि टिळकांना सोडायचं हे बरं नाही, मीही मान्य करतो.

कढीपत्ता

सिद्धांत आज कोणी धरून चालत नाही, पण ऋचांतली पहाट त्यांनी ज्या बारकाईने वाचलीय ती वाचायला मजा येते. असो, टिळकांसाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे दोनशे प्रतिसाद होतील आणि मीनाबाई परत लॅब्राडोरात हरवतील.

मांडवीकाठ

गोव्यातून हजेरी. वास्कोला आमच्याकडे ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथले लोक दरवर्षी स्वालबार्डला (ज्यात स्पिट्सबर्गेन येतं तो द्वीपसमूह) जातात. न्यू-ऑलसुंडला 'हिमाद्री' हे आपलं केंद्र २००८ पासून आहे. पूर्वी फक्त उन्हाळ्यात जायचे, डिसेंबर २०२३ पासून ध्रुवीय रात्रीतही तुकडी राहू लागली. संशोधक बाया जातात, आणि वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलासाठी रायफल बरोबर लागते. मासळीबाजारात भेटणारी ओळखीची बाई 'मी नेमबाजीचं प्रशिक्षण घेऊन आले' असं सांगते तेव्हा कसं वाटत असेल विचार करा. हातात बांगडे, आणि बोलणं अस्वलाचं.

स्वालबार्डचा विषय निघालाच तर क्रिस्टियाने रिटर सांगायलाच हवी. ऑस्ट्रियन चित्रकार. नवरा हेर्मान तिथे शिकारीला राहायचा, त्याने बोलावलं म्हणून १९३४ साली उत्तर किनाऱ्यावर ग्रोहुकेनला गेली. एक लहानशी झोपडी, नवरा आणि कार्ल नावाचा नॉर्वेजियन शिकारी. वर्षभर. त्यात कित्येक दिवस पुरुष सापळ्यांच्या फेरीवर आणि ही एकटी, बाहेर वादळ, झोपडी बर्फात बुडत चाललेली, फावड्याने दार मोकळं करत बसलेली. आधी तिला तो सगळा प्रदेश भकास वाटला होता, मग निघवेना. एकच पुस्तक लिहिलं आयुष्यात. १०३ वर्षं जगली, २००० साली गेली.

रानभूल

@मांडवीकाठ, रिटरबाईंचं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? शोध लावायला गेल्याच नव्हत्या. संसार करायला गेल्या. चूल, काजळी, सीलचं मांस, ओले कपडे कुठे वाळत घालायचे. या गोष्टी ध्रुवाकडे धावणाऱ्या पुरुषांच्या वह्यांत शोधून सापडत नाहीत.

बर्फाळ_बंड्या

एक नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. एडा ब्लॅकजॅक. आत्तापर्यंतच्या सगळ्या बायका गोऱ्या, शिकलेल्या, परत येऊन पुस्तक लिहिणाऱ्या. एडा इनुपियाक, म्हणजे अलास्कातल्या मूळ रहिवाशांपैकी, नोमकडची शिवणकाम करणारी बाई. नवरा सोडून गेलेला, बेनेट नावाचा मुलगा क्षयाने आजारी. औषधपाण्याला पैसे नाहीत म्हणून पोराला अनाथालयात ठेवलेलं. १९२१ मध्ये स्टेफानसन या संशोधकाच्या योजनेत चार तरुण रँगेल बेटावर जाणार होते, सैबेरियाच्या उत्तरेला. कातड्याचे कपडे शिवायला कोणीतरी हवं होतं. महिना पन्नास डॉलर. आणखीही इनुपियाक कुटुंबं येणार असं तिला सांगितलं होतं, ऐन वेळी कोणी आलं नाही. ती एकटी चढली.

स्टेफानसनचं म्हणणं असं की उत्तर प्रदेश माणसाला अन्न पुरवतोच. शिधा आणलेला सहा महिन्यांचा. पुढच्या उन्हाळ्यात जहाज येणार होतं ते बर्फामुळे पोचलं नाही. जानेवारी १९२३ मध्ये तिघे बर्फावरून सैबेरियाकडे मदतीला निघाले, ते आजवर कोणाला दिसले नाहीत. मागे राहिला चौथा, नाइट, स्कर्व्हीने (ताजं अन्न न मिळाल्याने होणारा आजार) अंथरुणाला खिळलेला, आणि एडा. तिने त्याची सेवा केली, त्याच्या शिव्या खाल्ल्या. कोल्ह्यांचे सापळे लावायला शिकली, बंदूक चालवायला शिकली. अस्वलाची तिला भयंकर भीती, म्हणून बिछान्याच्या वर बंदुका टांगायला फळी ठोकली. जूनमध्ये नाइट गेला. त्यानंतर ती आणि व्हिक नावाचं मांजर. ऑगस्टमध्ये सुटकेचं जहाज आलं तेव्हा ती सीलची शिकार करून, कातड्याची नाव स्वतः बांधून तिथे नीट राहत होती.

मिळालेल्या पैशांतून पोराला सिअ‍ॅटलला उपचाराला नेलं. बाकी लोकांनी तिच्यावर पुस्तकं लिहिली, भाषणं दिली, पैसे केले. तिला त्यातलं काही मिळालं नाही. १९८३ ला गेली.

आता सांगा तात्या, ही कोणाच्या कनूत बसली होती?

तिरकस_तात्या

इथे मी गप्प. मांजराला पण दंडवत.

शेपूची_भाजी

रात्री हे वाचायला नको होतं. पोराला अनाथालयात ठेवून जहाजावर चढताना काय झालं असेल तिचं.

नलूआत्या

मला थोडं हलकं काहीतरी द्या बाई आता.

कढीपत्ता

नलूआत्या, तुमच्यासाठी केट मार्सडेन. इंग्लिश नर्स, १८९१ मध्ये सैबेरियात याकुत्स्कच्या पुढे विल्यूयस्कपर्यंत महारोग्यांना शोधत घोड्यावरून गेली. निघताना थंडीसाठी एकावर एक इतके कपडे चढवले की तीन धट्टेकट्टे पोलीस तिला उचलून घसरगाडीत ठेवायला लागले आणि तेही जमेना. बरोबर शिदोरीला काय? चाळीस पौंड प्लम पुडिंग! तिच्या बोभाट्यामुळे पुढे १८९७ मध्ये तिथे रुग्णालय उभं राहिलं.

अभियंता७२

चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. सुका मेवा, साखर, चरबी. टिकाऊ आणि प्रचंड कॅलरी. हसू नका, बाई हुशार होती.

नलूआत्या

आम्ही चारधामला बेसनाचे लाडू नेले होते ते काय वेगळं होतं?

रानभूल

परत मूळ प्रश्नाकडे येते. 'बसून राहिल्या' या आरोपाचं मला एक वेगळंच उत्तर सापडलं. एक प्रसंग आहे. बाईंना सतत कोणीतरी राखणीला असायचं, एकटीने कुठे जायचं नाही. एकदा पुरुष सामान वाहून नेत असताना बाई सटकल्या आणि समोरच्या डोंगरावर चढायला निघाल्या. खालून हाका येतायत, बंदुकीचे बार होतायत, या आपल्या मजेत. परत आल्या तर चौघेही पांढरेफटक, एकाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी. एल्सनचं म्हणणं असं, की तुम्ही पाण्यात पडलात तर आम्ही परत जायचं कोणत्या तोंडाने?

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. मग लक्षात आलं की हा लाडिक प्रसंग नाहीये. क्री आणि मिश्र रक्ताचे वाटाडे गोऱ्या विधवेला घेऊन रानात गेलेत आणि ती परत आली नाही, १९०५ साल. यांचं कोण ऐकणार होतं? आणि एल्सनचा तर एक हबर्ड आधीच तिथे गेलेला. बाईंनी नाव पणाला लावलं होतं, या लोकांनी त्याहून जास्त.

सुरंगी

@रानभूल, फार चांगला मुद्दा. त्याला जोडून सांगते. बाईंनी आपल्या पुस्तकात (१९०८) नवऱ्याची रोजनिशी दिली आणि त्याच्यापुढे जॉर्ज एल्सनचं शेवटच्या दिवसांचं कथन त्याच्या नावाने छापलं. त्या काळात वाटाड्याचं म्हणणं त्याच्या स्वतःच्या तोंडून किती पुस्तकांत येतं? हे तिच्या जमेला धरलंच पाहिजे.

तिरकस_तात्या

धरलं. पण त्याचा तिला उपयोगही होता ना. वॉलेसचं म्हणणं खोडायला साक्षीदार लागतो.

सुरंगी

हो, होताच. दोन्ही खरं असू शकतं तात्या.

आणि सूड सूड म्हणतात लोक, पण मधली शंभर पानं सूड घेणाऱ्या बाईची वाटत नाहीत. वॉलेसचं नावसुद्धा ती घेत नाही. मिशिकामाऊच्या पुढे गेल्यावर कॅरिबूंचे (उत्तर अमेरिकेतले रेनडियर) कळप दिसतात. टेकड्याच्या टेकड्या हलतायत, आणि बाई कॅमेरा घेऊन धावतेय. नवऱ्याला जे बघायचं होतं ते आपण बघतोय हे दुःख आहे, पण त्यावर मात करणारा निखळ आनंदही आहे, आणि तो तिला लपवता येत नाही.

मग इन्नू लोकांची गाठ पडते. पहिल्या वस्तीत फक्त बायका-मुलं, पुरुष किनाऱ्यावर व्यापाराला गेलेले. कनू दिसताच बायका ओरडायला लागल्या, जा इथून, आमचे नवरे घरी नाहीत! दुसऱ्या वस्तीत विचारलं, ठाणं किती लांब? उत्तर आलं, जोरात गेलात तर पाच झोपा. बोट ऑगस्टअखेर येणार होती आणि ती चुकली तर हिवाळा तिथेच काढावा लागला असता, म्हणून हे ऐकून तंबूत दिवाळी. पुढचे दिवस जॉर्ज नदीचा नुसता खळाळ, एक संपला की दुसरा, पुढे जोब कनू सांभाळतोय. पोचल्या वेळेवर. आणि बोट? बोट आलीच नाही! ऑक्टोबरात आली. वॉलेस येईपर्यंत बाई तिथेच बसून.

शेपूची_भाजी

म्हणजे एसटी स्टँड.

अभियंता७२

शास्त्रीय बाजू राहिली. त्यांचा नकाशा अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीने ग्राह्य धरला. नास्कॉपी आणि नॉर्थ वेस्ट या दोन वेगळ्या नद्या समजल्या जात, त्या एकच असून मिशिकामाऊचंच पाणी घेऊन येतात हे त्यांच्या निरीक्षणांतून पक्कं झालं. सेक्स्टंट एल्सनने नाही, बाईंनी धरला होता. प्रवासाआधी शिकून घेतला. तात्यांनी नोंद घ्यावी.

तिरकस_तात्या

घेतली. पण 'पक्कं झालं' कोणासाठी? जे लोक त्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होते त्यांना माहीत होतंच की पाणी कुठून येतं.

बर्फाळ_बंड्या

तात्या, यावेळी तुमच्याशी सहमत. आणि पुढचं ऐका. ज्या मिशिकामाऊसाठी हबर्ड मेला ते सरोवर आज वेगळं असं उरलेलंच नाही. चर्चिल फॉल्सच्या वीज प्रकल्पासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्मॉलवूड जलाशय भरला, साडेसहा हजार चौरस किलोमीटर, त्यात ते बुडालं. इन्नूंना कोणी विचारलं नाही. त्यांच्या शिकारीच्या जागा, नावा ठेवायच्या जागा, पुरलेली माणसं, सगळं पाण्याखाली.

कॅरिबूंचंही तेच. जॉर्ज नदीचा कळप १९९० च्या दशकात सात-आठ लाखांचा होता. २०१८ च्या गणतीत साडेपाच हजार. २०१३ पासून लॅब्राडोरात शिकारबंदी आहे. मीनाबाईंच्या फोटोंतल्या टेकड्या जागेवर आहेत, हलत नाहीत एवढंच.

गोदातीर

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. नकाशे तेव्हाही फार छान काढले होते म्हणे.

रानभूल

@गोदातीर :(

तात्या, माझ्यापुरता निकाल देते. शोध बाईंचा नाही, तो प्रदेश हरवलेलाच नव्हता. मोहीम मात्र बाईंचीच. पैसे उभे केले, माणसं निवडली, कधी निघायचं ठरवलं, कोणाच्या हाती सुकाणू द्यायचं ठरवलं, मोजमापं घेतली, लिहिलं. हबर्डने यातली शेवटचीच गोष्ट नीट केली, तरी त्या मोहिमेला आपण निमूट 'हबर्डची मोहीम' म्हणतोच ना? तिथे एल्सनने किती वल्ही मारली ते कोणी विचारत नाही.

तिरकस_तात्या

हे पटलं. म्हणजे दोघांनाही एकच फूटपट्टी लावा. मग हबर्डच्या मोहिमेलाही 'एल्सनची पहिली मोहीम' म्हणायला माझी हरकत नाही. तीन प्रवासांतल्या दोनांत तो होता आणि दोन्हींतून चालत बाहेर आला.

कढीपत्ता

तात्या आणि सहमती एकाच प्रतिसादात. धागा छापून ठेवा.

नलूआत्या

बंड्या, एक विचारू का? तिकडे आता आमच्यासारख्यांना जाता येतं का? मुलगी टोरंटोला आहे. ती म्हणते नायगारा बघू. नायगारा दोनदा बघितला, आता हेच बघायचंय.

बर्फाळ_बंड्या

नलूआत्या, नक्की या. गूझ बेला विमान आहे, शिवाय लॅब्राडोरमधून जाणारा महामार्ग २०२२ मध्ये पूर्ण डांबरी झाला, पण गाडीने हजारो किलोमीटर नको, विमानानेच या. गूझ बेहून नॉर्थ वेस्ट रिव्हर गाडीने पाऊण तासाच्या आत. गाव चिमुकलं आहे, पलीकडच्या काठावर शेशात्शिऊ ही इन्नूंची वस्ती. पूर्वी मधलं पाणी ओलांडायला तारेवरचा पाळणा होता, आता पूल आहे. गावात लॅब्राडोरचं छान संग्रहालय आहे, ते चुकवू नका. जून-जुलैत अजिबात येऊ नका, माश्या. ऑगस्टच्या शेवटी या. बोट पकडायची नसल्यामुळे घाई नाही. आणि गरम पाण्याची पिशवी बॅगेत खाली टाका, विमानतळावर रिकामी आहे का ते उघडून बघतात.